दिवाळं निघालं की काढलं?

प्रश्न असा आहे : 'श्रीलंका दिवाळखोर झाली असं बातम्यांत म्हणतात, ते बरोबर आहे का? आणि दिवाळखोरीचा दिवाळीशी काही संबंध?'

पहिल्याचं उत्तर : नाही. 12 एप्रिल 2022 ला श्रीलंकेने परदेशी कर्जाची फेड थांबवली आणि मे महिन्यात 7.8 कोटी डॉलरचं व्याज वाढीव मुदतीतही भरलं नाही. याला हप्ता थकवला म्हणा, कर्ज बुडवलं म्हणा. दिवाळखोर ठरवायला कोर्ट लागतं, आणि अख्ख्या देशाला दिवाळखोर ठरवणारं कोर्ट अजून कुठे उघडलेलं नाही. लीमन ब्रदर्स या अमेरिकी बँकेची गोष्ट वेगळी. ती 15 सप्टेंबर 2008 ला स्वतःहून कोर्टात अर्ज घेऊन गेली. आमच्या वृत्तनिवेदकांना मात्र दोन्हीकडे एकच शब्द पुरतो. परवा तर एकाने 'दिवाळंखोरी' म्हटलं, अनुस्वारासकट!

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे दिव्याकडे येऊ. सांगतात ते असं, की पूर्वी पेढीवाल्याची देणी फिटेनाशी झाली की तो गादी उलटी टाकी आणि भर दुपारी पेढीत दिवा लावून ठेवी. रस्त्यावरून जाणाऱ्याने उन्हात जळणारी ती वात पाहिली की समजावं, शेटजी बुडाले. 'दिवाळीला जुन्या वह्या मिटतात, तेव्हा खड्डा दिसतो, म्हणून दिवाळं' असं जे छातीठोकपणे सांगतात, त्यांच्याशी माझं जमत नाही. वहीपूजनाच्या मुहूर्तावरून कुठला व्यापारी बुडण्याला नाव देईल? दोन्ही शब्दांच्या पोटात दिवा आहे, नातं तेवढंच, चुलत भावंडांचं. इंग्रजांचा 'बँकरप्ट' इटलीहून आला, तिथे बांका रोत्ता म्हणजे मोडका बाक, सराफाचा. त्यांनी बाक मोडला, आपण दिवा लावला.

पण मला खरी गंमत वाटते ती पुढच्या 'खोर'ची. हा फारसी, अर्थ खाणारा. लाचखोर लाच खातो, नफेखोर नफा. भांडखोर मात्र भांडण खात नाही, त्याला भांडणाची खोड असते. मराठीत आल्यावर 'खोर'ला असा सवयीचा, बदमाशीचा वास लागला. म्हणून माझं म्हणणं असं, की दिवाळखोर म्हणजे नुसता बुडालेला नव्हे. बुडणं हाच ज्याचा धंदा, तो. कोशवाले 'दिवाळे निघालेला' एवढा अर्थ देऊन पुढच्या शब्दाकडे वळतात. मग 'दिवाळं निघालं' आणि 'दिवाळं काढलं' अशी दोन क्रियापदं आपण उगाच बाळगली काय? पाऊस गेला, पीक गेलं, दुकानदाराचं दिवाळं निघतं. ज्याने आधी घर बायकोच्या नावावर केलं, तो दिवाळं काढतो.

निघालेल्यासाठी चांगला शब्द आहे : नादार. ना-दार, ज्याच्याकडे नाही तो. मालदाराच्या बरोबर उलटा, आणि त्यात शिवी नाही. 2016 च्या कायद्याला मराठीत 'नादारी व दिवाळखोरी संहिता' म्हणतात, म्हणजे सरकारलाही दोन शब्द लागले. (तिथला फरक कायद्याचा आहे, माझ्यासारखा हेतूचा नाही, हे वकील मंडळी सांगायला येतीलच. या.) श्रीलंकेला लावायचाच असेल तर नादार हा शब्द लावा.

आमच्या शाळेत फीमाफीला 'नादारी' म्हणत. जूनमध्ये वडील तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला आणत, मी तो अर्जाला टाचणीने लावून कारकुनाच्या खिडकीत सरकवायचो. वर्गात नादारीवाले आम्ही सात-आठ जण होतो. कुणी आम्हाला दिवाळखोर म्हटलं असतं, तर माझी आई पदर खोचून थेट हेडमास्तरांच्या खोलीत शिरली असती.