फुंकमाशी? माशी शिंकते हो, फुंकत नाही

प्रश्न असाय की क्रायसोमिया मेगासेफाला या, मेलेल्या जनावरावर वाढणाऱ्या ब्लोफ्लायवर मराठीत लिहायचंय, तर 'फुंकमाशी' म्हणायचं की 'फुंकरमाशी'? दोन्ही नको, प्लीज! कुठेतरी माशी शिंकते हे माहीत होतं, फुंकते हे नवीनच. त्या ब्लोचा वाऱ्याशी काडीचा संबंध नाही, माशीने मांसावर अंडी घालणं या अर्थी तो शब्द शेक्सपिअरसुद्धा वापरतो. डिक्शनरीतला पहिला अर्थ उचलून चिकटवायचा म्हणजे मक्षिकास्थाने मक्षिका झालं. सरळ हिरवी माशी लिहा, सोबत शास्त्रीय नाव द्या. (क्रायसोमियाचा अर्थ सोनमाशी. मोह होतो, पण मढ्यावर बसणारीला सोनमाशी म्हणवत नाही.) मेगासेफाला म्हणजे मोठ्या डोक्याची, हे फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने १७९४ मध्ये ठेवलेलं नाव; नराचे तांबडे डोळे डोक्यावर जवळजवळ एकमेकांना टेकतात, बघितलंत की पटेल.

आता खरी गंमत माशी या शब्दात आहे. माशी हे 'मासा'चं स्त्रीलिंग असं सांगणारे भेटतात तेव्हा डोकं फिरतं. मासा आला मत्स्यवरून, माशी मक्षिकेवरून. संस्कृत क्षचा हिंदीत ख होतो तिथे आपल्याकडे बरेचदा स-श होतो: खेत-शेत, ईख-ऊस, कोख-कूस, तसंच मक्खी-माशी. आणि मक्षिका म्हणजेच लॅटिन मुस्का असं ठोकून देणाऱ्या पंडितांशी माझं अजिबात जमत नाही. मुस्काचं गोत्र ग्रीक मुइयाचं, म्हणजे क्रायसोमियातल्या मियाचं. मक्षिकेची सख्खी बहीण पारशांच्या धर्मग्रंथात, अवेस्तात आहे, मख्शी! त्यातल्याच वेंदिदाद या भागात माणूस मेला की लगेच नसू नावाची प्रेतपिशाच्ची उत्तरेकडून येते, आणि येते ती मख्शीच्या रूपात.

माझं मत, ही नुसती कल्पना नाही, कोणीतरी प्रेताशेजारी बसून बघितलंय. ब्लोफ्लाय मढ्यावर सगळ्यात आधी पोचणाऱ्यांतल्या, उबदार हवेत दिवसाभरात अंडी फुटतात, अळ्या डोकं मांसात खुपसून मागच्या टोकाने श्वास घेत खात सुटतात आणि दहाएक दिवसांत नवी माशी उडते. मेगासेफाला मात्र उत्तरेकडून वगैरे आलेली नाही, ती मूळची दक्षिण आशिया ते ऑस्ट्रेलिया पट्ट्यातली आणि १९७०च्या दशकात आफ्रिका, दक्षिण अमेरिकेतही जाऊन बसली. आणि त्या नसूत आपला नश् धातू आहे, नाश-विनाशवाला, हे तर सांगायचंच राहिलं होतं.