वाचक विचारतात : शेपटीवाला ॲडॉप्टर

प्रश्न : मी कराडला १८ वर्षं डीटीपीचं काम करते, मुख्यतः लग्नपत्रिका. जुना कॉम्प्युटर बंद पडला, मुलीनं लॅपटॉप घेऊन दिला. पण १४ इंची स्क्रीनवर पत्रिका लावताना डोळ्यांना पाणी येतं. माझ्याकडे १९ इंची चौकोनी मॉनिटर आहे, निळ्या तोंडाच्या व्हीजीए केबलचा. लॅपटॉपला फक्त एचडीएमआय आणि टाइप-सी. म्हणून ऑनलाइन ॲडॉप्टर मागवला. तो मॉनिटरच्या मागे घट्ट बसला, त्यातून एचडीएमआय केबल लॅपटॉपला जोडली, तरी मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. ॲडॉप्टरला यूएसबीची एक वायर लोंबते, ती लावूनही फरक नाही. दुकानदार म्हणतो, मॉनिटर गेला, नवा घ्या. घेऊ का?

उत्तर : ताई, इतक्यात घेऊ नका. ‘नो सिग्नल’ असं लिहून दाखवणारा मॉनिटर मेलेला नसतो. त्याच्यापर्यंत काही पोचत नाही, एवढंच तो सांगतोय.

लोंबणाऱ्या वायरचं वाचलं आणि घोटाळा लक्षात आला. तुम्हाला आलाय तो उलट्या दिशेचा ॲडॉप्टर. जुन्या कॉम्प्युटरच्या व्हीजीएतून चित्र घेऊन नव्या टीव्हीच्या एचडीएमआयला देणारा. व्हीजीएकडून त्याला पुरेशी वीज मिळेल याची खात्री नसते, म्हणून ती यूएसबीची शेपटी. तुम्हाला हवाय एचडीएमआयचं व्हीजीए करणारा.

मग तो बसला कसा? त्याच्या पिना मॉनिटरच्या भोकांत अगदी चपखल जातात, तिथेच माणूस फसतो. व्हीजीए १९८७ सालचं. त्यात चित्र कमी-जास्त होणाऱ्या व्होल्टेजच्या रूपात जातं, एचडीएमआयमध्ये ते आकड्यांच्या रूपात जातं. आकड्यांचं व्होल्टेज करणारी चिप वेगळी आणि व्होल्टेजचे आकडे करणारी वेगळी. दुकानात ओळखायचं कसं, तर तोंडं बघा. तुमच्या कामाच्या ॲडॉप्टरला एचडीएमआयची पिन पुढे आलेली असते, ती थेट लॅपटॉपमध्ये जाते. दुसऱ्या टोकाला व्हीजीएची १५ भोकं असतात, त्यात मॉनिटरची जुनी निळी केबल खोचायची आणि दोन्ही स्क्रू पिळायचे. एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्याला व्हीजीए अशी नुसती वायरही स्वस्तात मिळते. आत चिप नसेल तर ती लॅपटॉपला कुचकामी. माझ्या दुकानाच्या खणात अशा वायरींचा गुंता पडलाय, सगळ्या गिऱ्हाइकांनी वैतागून टाकून दिलेल्या.

शक्य असेल तर जादा वीज देण्यासाठी छोटं भोक असलेला घ्या. एचडीएमआयचं पोर्ट ॲडॉप्टरला वीज देतं, पण ५५ मिलिअँपिअरच्या वर मिळेलच याची हमी नाही. कमी पडली की चित्र मधूनच जातं आणि पुन्हा मॉनिटरवर संशय.

टाइप-सीच्या वाटेला सध्या जाऊ नका. तिथे मी स्वतः तोंडघशी पडलोय. एका वकीलसाहेबांना मोठ्या आत्मविश्वासानं टाइप-सीचा ॲडॉप्टर दिला. त्यांच्या लॅपटॉपचं ते पोर्ट निघालं फक्त चार्जिंग आणि डेटाचं, चित्र बाहेर येईना. पैसे परत केले, वर चहा पाजला. तेव्हापासून पोर्टशेजारी चित्र बाहेर देण्याची खूण, म्हणजे इंग्रजी डी-पी जोडलेलं चिन्ह किंवा थंडरबोल्टचं कडाडत्या विजेसारखं चिन्ह दिसतं का ते बघतो. चिन्ह नसेल तर कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून खात्री करतो, मगच ॲडॉप्टर देतो.

ॲडॉप्टर जोडल्यावर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबा आणि ‘एक्स्टेंड’ निवडा. ‘डुप्लिकेट’ नको, कारण लॅपटॉप आडवा आणि तुमचा मॉनिटर चौकोनी. दोघांना एकच चित्र दिलं की गणपती तरी ताणला जाईल, नाहीतर कडेला काळ्या पट्ट्या येतील. मग डिस्प्ले सेटिंगमध्ये या मॉनिटरचं रिझोल्यूशन १२८० बाय १०२४ ठेवा. १९ इंची चौकोनी मॉनिटरचं बहुधा तेच असतं. पत्रिका मॉनिटरवर, फोटो आणि मजकुराच्या फाइली लॅपटॉपवर, असं काम लावलंत तर पूर्वीपेक्षा सोयीचं पडेल.

लॅपटॉपचा आवाज अचानक बंद झाला तर घाबरू नका. काही ॲडॉप्टर लावले की आवाज तिकडे वळतो आणि व्हीजीए केबलमधून आवाज जातच नाही. खाली स्पीकरच्या चिन्हावर जाऊन पुन्हा लॅपटॉपचा स्पीकर निवडायचा.

आणि पहिल्या दिवशी अक्षरं थोडी पुसट किंवा चित्र एका बाजूला सरकलेलं दिसलं, तर मॉनिटरवरचं ‘ऑटो’ बटण दाबा. पानभर मजकूर उघडा असताना दाबा, रिकाम्या काळ्या पडद्यावर त्याला कडा सापडत नाहीत.