तुमचे प्रश्न : बॉम्बर पायलट चेशायर

प्रश्न : अंधेरीचं चेशायर होम (अपंग आणि आजारी लोकांचं निवासगृह) एका बॉम्बर पायलटच्या नावाचं आहे, हे खरंय का? कोण होता तो?

उत्तर : हो, अगदी खरंय. लेनर्ड चेशायर, जन्म १९१७, ऑक्सफर्डला कायदा शिकला आणि मग ब्रिटिश एअर फोर्समध्ये बॉम्बर उडवायला लागला. दुसऱ्या महायुद्धात १०० च्या आसपास मोहिमा केल्या त्याने, जिथे बरेच पायलट ३० सुद्धा पूर्ण करू शकत नव्हते. ६१७ स्क्वाड्रन ही बॉम्बर विमानांची खास तुकडी मिळावी म्हणून तर स्वतःहून खालची रँक घेतली!

मला त्याची फेब्रुवारी १९४४ ची लिमोजची मोहीम सगळ्यात भारी वाटते. फ्रान्समधला विमानाच्या इंजिनांचा कारखाना, जर्मनांच्या ताब्यात, पण आत रात्रपाळीला फ्रेंच कामगार आणि त्यात बायकाच जास्त, मग हा पठ्ठ्या लँकॅस्टर बॉम्बर घेऊन पार छपरावरून तीनदा गेला, की बाबांनो पळा, आणि लोक बाहेर पडल्यावरच खुणेचे बॉम्ब टाकले, ते बघून वरच्या विमानांनी नेमका कारखाना उडवला. त्याच वर्षी व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला.

९ ऑगस्ट १९४५ ला नागासाकीचा अणुबॉम्ब त्याने ब्रिटनचा निरीक्षक म्हणून विमानातून पाहिला. १९४८ मध्ये कॅन्सरने मरणाऱ्या एका माणसाला, ज्याला बघायला कुणीच नव्हतं, स्वतःच्या घरी आणून त्याची सगळी सेवा केली, अगदी अंथरूण बदलण्यापासून, आणि तिथूनच ही होम्स सुरू झाली. १९५० च्या दशकात तो भारतात आला तेव्हा अंधेरीचं झालं, नंतर डेहराडूनचं राफेल नावाचं केंद्र. १९९२ ला गेला, तोपर्यंत हेच काम करत होता.