वाचकांचे प्रश्न: शेजारच्या गावात फुटबॉलचे स्टेडियम

प्रश्न : संपादक महोदय, सप्रेम नमस्कार. आम्ही शिकागोच्या वायव्येला असलेल्या पॅलटाइन या गावात चौदा वर्षांपासून राहत आहोत. आर्लिंग्टन हाइट्सचे जुने रेसकोर्स आमच्या घरापासून गाडीने काही मिनिटांवर होते. ती जागा ‘शिकागो बेअर्स’ या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघाने विकत घेतली असून तेथे छत असलेले स्टेडियम उभारण्याचा संघाचा विचार आहे. माझा मुलगा बेअर्सचा निस्सीम चाहता आहे, यजमानांना घराची किंमत वाढेल अशी आशा वाटते, आणि मला मात्र दरवर्षी वाढणाऱ्या मालमत्ता कराची धास्ती आहे. सभांमध्ये कोणी म्हणते की परिसराचे सोने होईल, तर कोणी म्हणते की संघाचा कर आपल्याच माथी येईल. आम्ही कोणती बाजू घ्यावी?
— एक वाचक भगिनी, पॅलटाइन, इलिनॉय

उत्तर : आपल्या घरात जी तीन मते आहेत, तीच सध्या त्या परिसरातील बहुतेक घरांत आहेत. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य असल्यामुळे घाईने एक बाजू घेण्यापेक्षा संघ आणि सरकार यांच्यात होऊ घातलेल्या करारातील कलमे नीट पाहावीत, असे आम्हाला वाटते.

प्रथम संघ शहर का सोडू पाहतो, हे समजून घेऊ. बेअर्स १९७१ पासून मिशिगन सरोवराकाठच्या सोल्जर फील्डवर खेळत आहेत. १९२४ मध्ये खुले झालेले हे स्टेडियम संघाच्या मालकीचे नाही. ते शहरातील उद्याने सांभाळणाऱ्या शिकागो पार्क डिस्ट्रिक्ट या संस्थेचे आहे आणि संघ तेथे भाडेकरू आहे. साधारण ६१,५०० आसनांचे हे स्टेडियम राष्ट्रीय फुटबॉल लीगमधील सर्वांत लहान आहे. मालकी दुसऱ्याची असल्यामुळे सामन्याव्यतिरिक्तच्या दिवसांचे, मैफिलींचे आणि पार्किंगचे उत्पन्न संघाला हवे तसे घेता येत नाही. शिवाय छत नसल्याने ‘सुपर बोल’सारखा अंतिम सामना तेथे होण्याची आशा जवळजवळ नाही. डेट्रॉइट, इंडियानापोलिस आणि मिनियापोलिस या थंडीच्या शहरांना तो मान मिळाला, तो छताच्या स्टेडियममुळेच. संघाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ३२६ एकरांची जागा १९ कोटी ७२ लाख डॉलरला विकत घेतली, ती केवळ मैदानासाठी नव्हे. स्टेडियमभोवती हॉटेले, दुकाने आणि सदनिका उभारून बाराही महिने उत्पन्न मिळवणे हा त्यामागील हेतू आहे. आमच्या मते या हेतूत गैर काही नाही, मात्र चर्चा करताना तो नजरेआड होऊ नये.

२०२४ च्या एप्रिलमध्ये संघाने मध्येच मोहरा फिरवला होता. महापौर ब्रँडन जॉन्सन यांच्यासह त्यांनी सरोवराकाठीच, सोल्जर फील्डच्या दक्षिणेला, सुमारे ४.७ अब्ज डॉलरची योजना मांडली. त्यात संघ दोन अब्जांहून अधिक रक्कम घालणार होता आणि उरलेला मोठा भाग सरकारी कर्जरोख्यांतून यायचा होता. राज्यपाल जे. बी. प्रिट्झकर यांनी त्या मागणीला उत्साहाने साथ दिली नाही आणि २०२५ मध्ये संघ पुन्हा आर्लिंग्टन हाइट्सकडे वळला. आता संघाचे म्हणणे असे आहे की स्टेडियम आम्ही स्वखर्चाने बांधू. सरकारने रस्ते, जलवाहिन्या आणि रेल्वे स्थानकाच्या सुधारणेसाठी सुमारे ८५ कोटी ५० लाख डॉलर द्यावेत, आणि मालमत्ता कर पुढील अनेक वर्षांसाठी वाटाघाटीने ठरवून द्यावा.

यांतील दुसरी मागणी आपल्या काळजीशी थेट निगडित असल्याने तिच्यावर थोडे सविस्तर लिहितो. इलिनॉयमध्ये शाळा, गाव, उद्याने अशी प्रत्येक स्थानिक संस्था वर्षाला एकूण किती कर गोळा करायचा ते ठरवते आणि ती रक्कम हद्दीतील सर्व मालमत्तांवर मूल्यांकनाच्या प्रमाणात वाटली जाते. शाळांसारख्या संस्थांना ही एकूण रक्कम महागाईचा दर किंवा ५ टक्के यांपैकी जे कमी असेल त्यापेक्षा जास्त वाढवता येत नाही. मात्र नव्या बांधकामावरचा कर या मर्यादेबाहेर ठेवलेला आहे. शिकागो आणि ही उपनगरे ज्या प्रशासकीय विभागात येतात त्या कुक काउंटीत घराचे मूल्यांकन बाजारभावाच्या १० टक्के धरतात, तर व्यापारी मालमत्तेचे २५ टक्के. त्यामुळे दोन अब्जांच्या स्टेडियमवर नेहमीच्या पद्धतीने कर लावला, तर रक्कम इतकी मोठी होईल की कोणताही संघ तेथे पाऊल ठेवणार नाही, हे बेअर्सचे म्हणणे आम्हाला खरे वाटते. या लीगमधील बहुतेक स्टेडियम सरकारी मालकीची असल्यामुळे त्यांच्यावर असा कर बसतच नाही, हेही विसरून चालणार नाही.

तेव्हा स्टेडियमला सवलत मिळाली की दुसऱ्याच दिवशी आपले बिल वाढेल, हे सभेतील विधान अचूक नाही. स्टेडियमचा जो कर आज अस्तित्वातच नाही, तो आपल्यावर ढकलला जाणार नाही. आपले नुकसान होऊ शकते ते दोन वेगळ्या वाटांनी. नवी मोठी मालमत्ता वाटणीत आल्यावर घरमालकांवरचा भार हलका होण्याची जी शक्यता असते, ती हातची जाते. आणि स्टेडियमभोवती सदनिका झाल्या, त्यांत मुले राहायला आली, पण त्या जमिनीचा करही स्टेडियमबरोबर गोठवला गेला, तर त्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च जुन्या घरमालकांकडूनच वसूल होईल. आमच्या दृष्टीने संपूर्ण करारातील सर्वांत धोक्याची जागा हीच आहे. स्टेडियमच्या इमारतीला ठरावीक रक्कम बांधून द्यावी, याला आमचा विरोध नाही. हॉटेल, दुकाने आणि सदनिका यांच्यावर मात्र इतरांप्रमाणेच कर बसावा.

आपण पॅलटाइनच्या असल्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. विक्रीकर, तिकिटांवरचा कर आणि करमणुकीचे उत्पन्न जाईल ते आर्लिंग्टन हाइट्सच्या तिजोरीत. वाहनांची गर्दी आणि पोलीस बंदोबस्ताचा ताण मात्र गावाची सीमा पाहून थांबणार नाही. शाळा-जिल्ह्यांच्या, म्हणजे शाळा चालवणाऱ्या आणि त्यासाठी कर घेणाऱ्या स्थानिक संस्थांच्या, हद्दी गावांच्या हद्दींशी जुळत नाहीत. त्या जागेचा कर ज्या तीन शाळा-जिल्ह्यांना मिळतो, त्यांत पॅलटाइनच्या मुलांचे १५ आणि २११ क्रमांकांचे जिल्हेही आहेत. रिकाम्या जागेच्या मूल्यांकनावरूनही संघ आणि हे जिल्हे यांच्यात दीर्घ वाद झाला होता आणि २०२४ च्या अखेरीस वर्षाला सुमारे ३६ लाख डॉलर करावर तडजोड झाली. म्हणून आपला आवाज गावाच्या सभेपेक्षा शाळा-जिल्ह्याच्या बोर्डापुढे अधिक उपयोगी पडेल. बोर्डाच्या सभेला जरूर जा आणि सदनिकांतील मुलांचा हिशेब लेखी मागा.

‘परिसराचे सोने होईल’ या आशेबद्दल मात्र आम्हाला स्पष्ट बोलले पाहिजे. बेअर्सचे मुख्यालय ज्या लेक फॉरेस्ट गावात आहे, तेथील महाविद्यालयात रॉबर्ट बाडे या अर्थशास्त्रज्ञाने अनेक वर्षे याच विषयाचा अभ्यास केला. त्यांचा आणि त्यांच्यानंतरच्या बहुतेक अभ्यासकांचा निष्कर्ष असा की स्टेडियममुळे परिसराच्या एकूण उत्पन्नात फारशी भर पडत नाही. कारण साधे आहे. सामन्यावर पैसे खर्च करणारे कुटुंब त्या महिन्यात हॉटेलात कमी जाते, सिनेमा पाहत नाही. म्हणजे पैसा नवा येत नाही, एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. हंगामात घरचे नियमित सामने आठ किंवा नऊ. सरावाचे धरले तरी वर्षातील सुमारे दहा दिवस. एवढ्यावर शेजारच्या उपाहारगृहाचे वर्ष निघत नाही, आणि प्रेक्षक बहुधा आवारातच खाऊन-पिऊन परत जातो. यजमानांना घराच्या किमतीविषयी काही सांगायचे असेल तर एवढेच सांगा की त्या आशेवर कर्ज काढू नका.

उपनगरात गेलेल्या संघाचे काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण शेजारच्या मिशिगन राज्यात आहे. डेट्रॉइट लायन्स १९७५ मध्ये शहर सोडून पाँटिअॅक या गावी ‘सिल्व्हरडोम’मध्ये गेले. ५ कोटी ५७ लाख डॉलर खर्चून बांधलेल्या त्या स्टेडियममध्ये १९८२ च्या जानेवारीत सुपर बोलही झाला. पण २००२ मध्ये संघ डेट्रॉइटच्या मध्यवस्तीतील फोर्ड फील्डवर परतला आणि पाँटिअॅककडे एक अवाढव्य रिकामी इमारत उरली. आर्थिक तंगीत सापडलेल्या त्या शहराने ती २००९ मध्ये लिलावात अवघ्या ५ लाख ८३ हजार डॉलरला विकली. पुढे तिचे छत फाटले आणि डिसेंबर २०१७ मध्ये ती सुरुंगाने पाडावी लागली. संघ पंचवीस-तीस वर्षांनी निघून जाऊ शकतो, हे गृहीत धरूनच करार लिहावा, असे आम्ही म्हणतो ते यामुळे. इमारत कोणी पाडायची, जागा कोणाची राहणार, उरलेले कर्ज कोणाचे, हे पहिल्याच दिवशी कागदावर असले पाहिजे.

सोल्जर फील्डचा अनुभवही ताजा आहे. २००३ च्या नूतनीकरणासाठी सरकारी प्राधिकरणाने ३९ कोटी ९० लाख डॉलरचे रोखे काढले. ते हॉटेल करातून फेडायचे होते, पण कोविडच्या काळात हॉटेले ओस पडली तेव्हा तूट शिकागो शहराच्या वाट्याच्या आयकरातून भरून काढावी लागली. त्या कर्जाचे हप्ते २०३२ पर्यंत चालणार आहेत. म्हणजे संघ आधीच नव्या घराकडे निघाला आणि जुन्या घराचे हप्ते अजून संपलेले नाहीत. आर्लिंग्टन हाइट्सच्या स्टेडियमसाठी सरकारी रोखे नकोत, या मुद्द्यावर आम्ही ठाम आहोत. रस्ते आणि रेल्वे स्थानक यांवरील खर्चाला मात्र आमचा पाठिंबा आहे, कारण संघ गेला तरी ते आपल्या उपयोगाला राहतील.

प्रश्न : मी आर्लिंग्टन हाइट्समध्ये राहतो आणि रोज लोकल गाडीने शिकागोला कामाला जातो. सामन्याच्या दिवशी आमच्या गाड्यांचे आणि रस्त्यांचे काय होईल?
— एक वाचक

उत्तर : या जागेची सर्वांत मोठी जमेची बाजू रेल्वेच आहे. मेट्रा या उपनगरी रेल्वेच्या युनियन पॅसिफिक नॉर्थवेस्ट मार्गावरील आर्लिंग्टन पार्क हे स्थानक रेसकोर्सला लागूनच आहे. शहराच्या मध्यवस्तीतून थेट गाडी येऊन स्टेडियमच्या दारात उभी राहील, अशी सोय अमेरिकेतील फार थोड्या उपनगरी स्टेडियमना आहे. मॅसॅच्युसेट्समधील फॉक्सबरो येथे पॅट्रियट्स संघाचे मालक रॉबर्ट क्राफ्ट यांनी स्वखर्चाने बांधलेल्या जिलेट स्टेडियमसाठी बॉस्टनहून सामन्याच्या दिवशी विशेष गाडी सुटते. तरीही एकाच महामार्गावरची कोंडी तेथील प्रेक्षकांच्या अंगवळणी पडली आहे. आपल्याकडे रूट ५३ आणि आय-९० हे महामार्ग जवळ असले तरी साठ हजार प्रेक्षक एकाच वेळी बाहेर पडल्यावर युक्लिड अव्हेन्यूसारखे गावातले रस्ते तुंबणार, यात शंका नाही. बहुतेक सामने रविवारी होत असल्याने आपल्या कामावर जाण्याच्या गाड्यांना फारसा अडथळा येणार नाही; सोमवार आणि गुरुवारच्या रात्रीचे सामने मात्र नेमके परतीच्या गर्दीत येतील. स्थानकाचा फलाट वाढवणे आणि जादा गाड्या सोडणे हे स्टेडियम उघडण्यापूर्वी पूर्ण व्हावे, नंतर नव्हे, अशी अट आपण सर्वांनी लावून धरली पाहिजे.

प्रश्न : २०२५ च्या डिसेंबरमध्ये संघाने वायव्य इंडियानातील जागांचाही विचार करू असे जाहीर केले. ही केवळ धमकी समजावी का? संघ खरोखर गेला तर?
— एक चाहता, शॉमबर्ग

उत्तर : पोकळ धमकी समजू नका. मिसूरी राज्यातील कॅन्सस सिटीत एप्रिल २०२४ मध्ये जॅक्सन काउंटीच्या मतदारांनी स्टेडियमसाठीचा विक्रीकर नाकारला आणि २०२५ च्या डिसेंबरमध्ये तेथील चीफ्स संघाने राज्याची सीमा ओलांडून शेजारच्या कॅन्सस राज्यात जाण्याचा निर्णय जाहीर केला. संघ खरोखर जातात, आणि चाहत्यांना त्याचे दुःख होते ते आम्ही हलके लेखत नाही. बेअर्स १९२१ पासून शिकागोत आहेत. तीन-तीन पिढ्यांनी सरोवरावरून येणाऱ्या बोचऱ्या वाऱ्यात एकत्र बसून त्यांचे सामने पाहिले आहेत, आणि आपल्या मराठी घरांतील मुलांनी या देशात आपलेपणाचा पहिला धागा पुष्कळदा याच संघाच्या टोपीत शोधला आहे.

तरीही संघ जाईल या भीतीने कोणत्याही करारावर सही करणे योग्य नाही. वायव्य इंडियानातील त्या जागा शिकागोच्या मध्यवस्तीपासून आर्लिंग्टन हाइट्सपेक्षा फार दूर नाहीत. संघ तिकडे गेला तरी आपल्याला सामने पाहता येतील आणि बांधकामाचे कर्ज तेथील करदाते फेडतील. शिवाय आर्लिंग्टन हाइट्सची ३२६ एकरांची जागा रेल्वेच्या रुळालगत आणि महामार्गाजवळ आहे. ती स्टेडियमशिवाय ओसाड राहील असे मानण्याचे काही कारण दिसत नाही. तेथे घरे आणि दुकाने झाली तर त्यांचा कर पहिल्या दिवसापासून शाळांना पूर्ण मिळेल. संघाने यावे अशी आमची मनापासून इच्छा आहे. पण आपल्या विधानसभा सदस्यांना पत्र लिहाल तेव्हा सदनिकांवरील पूर्ण कर आणि करार संपल्यावरची जबाबदारी या दोन अटी त्यात अवश्य नमूद करा, आणि त्या मान्य होत नसतील तर नकार देण्याची तयारी असल्याचेही कळवा.