रिपोर्ट नॉर्मल म्हणजे नाटक नव्हे

तुम्ही लिहिलंय की खानापूरच्या वहिनींना रात्री छातीत आवळतं, हाताला मुंग्या येतात, दर वेळी गाडी करून बेळगाव गाठावं लागतं. ईसीजी, ट्रोपोनिन, टू-डी इको, हृदयाच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल. आता सासूबाई ‘नाटक’ म्हणतात आणि काका करणी बघायला निघालेत.

मी कॅज्युअल्टीत नर्स होते. अशा पेशंटला गॅसचं इंजेक्शन, एक सलाईन, ‘टेन्शन घेऊ नका’ आणि सकाळी डिस्चार्ज, हे ठरलेलं. महिन्याभरात पेशंट परत दारात.

त्रास खरा असतो. बऱ्याचदा दाबलेला राग, दुःख, धास्ती स्नायूंतून बाहेर पडते. बाई म्हणते, ‘घरी सगळं बरं आहे हो,’ आणि तेवढ्यात मोठा सुस्कारा टाकते, अंगठे मुठीत आवळते. अल्पकालीन सायकोथेरपीत, म्हणजे मोजक्या बैठकींत बोलून केलेल्या उपचारात, थेरपिस्ट नेमकं तिथंच थांबतो: ‘आत्ता नवऱ्याचं बोलताना छातीत काय झालं?’ भावना आणि आवळणं यांचा धागा बाईला स्वतःला दिसला की दुखण्याची भीती निम्मी होते. कुणाला आवळण्याऐवजी एकदम चक्कर येते, हातपाय गळतात. तिथं घाई करायची नसते.

कॅनडात हॅलिफॅक्सला डॉ. अ‍ॅलन अब्बास यांच्या गटानं इमर्जन्सीतल्या अशा ५० पेशंटना ही थेरपी दिली, सरासरी चारच्या आत बैठकी. पुढच्या वर्षात इमर्जन्सीच्या फेऱ्या ६९ टक्क्यांनी घटल्या (२००९ चा अभ्यास). तुलनेला चिठ्ठ्या टाकून निवडलेला दुसरा गट नव्हता, आणि त्रास शिगेला असताना आलेले लोक थोडे आपोआपही सुधारतात. त्यामुळे तो आकडा मी जसाच्या तसा धरत नाही. तरी चार बैठकींचा खर्च एका रात्रीच्या गाडीभाड्यापुढं बघा!

हीच पद्धत शिकलेला माणूस जवळपास मिळेलच असं नाही. फिजिशियनकडून चिठ्ठी घेऊन क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा. धारवाडच्या डिम्हान्स या सरकारी मानसोपचार संस्थेतही दाखवता येईल. मराठीत बोलणार का, हे आधीच विचारा. कन्नड कामापुरतं येतं, पण सासूविषयीचा राग माणूस परक्या भाषेत सांगत नाही. आणि सासूबाईंना खोलीबाहेर बसवा, मग त्या कितीही रुसोत. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

मात्र घाम फुटून छातीत दुखलं, कळ जबड्याकडे गेली, शुद्ध हरपली किंवा त्रास नेहमीपेक्षा वेगळा वाटला, तर थेरपी चालू असली तरी कॅज्युअल्टी गाठा आणि ईसीजी काढाच.