पर्वरीतल्या छोट्या सर्व्हर रूमसाठी स्वस्त म्हणून सीओटू फ्लडिंग, म्हणजे आग लागली की अख्खी खोली कार्बन डायऑक्साइडने भरणारी यंत्रणा, घ्यावं का?

नको. माणसं आत-बाहेर करतात त्या खोलीत तर मुळीच नको. आग विझवायला खोलीत सीओटूचं प्रमाण किमान ३४ टक्के करावं लागतं, आणि माणूस दगावायला त्याहून कितीतरी कमी पुरतं. आत एखादा केबल ओढत बसला असेल आणि गॅस सुटला तर? वाचवलेले पैसे काय कामाचे?

त्याऐवजी एफएम-२०० किंवा नोव्हेक १२३० प्रकारचा आग विझवणारा गॅस बघा. पहिला साधारण ७ ते ९ टक्क्यांत काम करतो, दुसरा ४ ते ६ टक्क्यांत. योग्य हिशेबाने बसवला तर त्या प्रमाणात माणसाला बाहेर पडायला वेळ मिळतो. तरी थांबायचं नाही, भोंगा वाजला की बाहेर. एफएम-२०० पृथ्वी तापवणारा आहे, म्हणून माझा कल दुसऱ्याकडे.

पण खरी गोम खोलीत असते. एसीच्या पाइपाचं भोक, फॉल्स सीलिंगवरची मोकळी जागा, दाराखालची फट, यांतून गॅस निसटला की सगळं फुकट. गॅस निदान १० मिनिटं टिकायला हवा. व्हेंडरकडे डोअर फॅन टेस्ट, म्हणजे दारात पंखा लावून खोली किती गळते ते मोजणारी चाचणी, मागाच. टाळाटाळ केली तर दुसरा शोधा.

पावडरचा सिलिंडर मात्र सर्व्हरजवळ ठेवू नका. आपल्या गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत ती पावडर ओलावा धरते आणि बोर्ड खाते. हातात धरायचा छोटा सीओटू सिलिंडर दाराबाहेर चालेल. ऑर्डर देण्याआधी अग्निशमन दलाचाही सल्ला घ्या.