कॅसलमेनजवळचा कव्हेनंट असलेला ब्लॉक: सही करण्याआधी नकाशा बघा

ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियातल्या कॅसलमेनजवळ वीस एकरांचा ब्लॉक, हाकेच्या अंतरावर कोणी नाही, टायटलवर, म्हणजे मालकीच्या नोंदीवर, ट्रस्ट फॉर नेचर या निसर्ग जपणाऱ्या संस्थेचा कव्हेनंट (तिथलं रान राखण्याचा करार). तिथे छोटं घर बांधून कुत्र्यासह राहायचंय, घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. जरूर घ्या. पण कव्हेनंटला जोडलेला नकाशा हातात आल्याशिवाय सही करू नका.

कव्हेनंट विकणाऱ्याची हौस म्हणून नसतो. १९७२ च्या व्हिक्टोरियन कायद्याखालचा हा करार टायटलवर नोंदलेला असतो, कायमचा. उद्या तुम्ही जागा विकलीत तरी घेणाऱ्यावर बंधन राहतंच. प्रत्येक कराराचा मजकूर वेगळा. त्यामुळे शेजारच्या ब्लॉकवर कुत्रा दिसला म्हणून तुम्हालाही चालेल असं धरू नका. सेक्शन ३२ च्या कागदांत (विकणाऱ्याने सहीआधी द्यायची जागेची माहिती) पूर्ण करार आहे का ते वकिलाकडून बघून घ्या.

नकाशात घरासाठी राखलेला तुकडा आखलेला असतो, आणि सगळं त्याच्यावर अडतं. जागेवर बुशफायर मॅनेजमेंट ओव्हरले, म्हणजे वणव्याच्या धोक्यासाठीचे बांधकाम नियम, लागू असेल तर घराभोवती डिफेंडेबल स्पेस, म्हणजे झाडंझुडपं कमी केलेला पट्टा, ठेवावी लागते. जंगल जितकं दाट आणि घराखालचा उतार जितका तीव्र, तितकी ती जास्त लागते, कारण आग चढावर दर १० अंशांना साधारण दुप्पट वेगाने धावते. राखलेला तुकडा लहान असला तर ही जागा संरक्षित झाडांत शिरते, आणि ती झाडं तुम्हाला तोडता येत नाहीत. मग बुशफायर रेटिंग, म्हणजे घराला वणव्याची किती झळ बसू शकते याची पायरी, चढत जातं: १२.५, १९, २९, ४० आणि शेवटी फ्लेम झोन, जिथे ज्वाळा थेट घराला भिडू शकतात. प्रत्येक पायरीला खिडक्या, छप्पर, डेक सगळ्याचा खर्च वाढतो. २००९ च्या ब्लॅक सॅटर्डेच्या वणव्यांत १७३ माणसं गेली. त्यामुळे हे नियम जाचक वाटले तरी मला पटतात.

आम्ही पहिला ब्लॉक याच कारणाने सोडला. घराची जागा टेकडीच्या माथ्यावर, खाली सरळ उतार, आणि तुकडा इतका आखूड की फ्लेम झोनशिवाय सुटका नव्हती. एजंट यातलं एक अक्षर बोलला नव्हता. बायकोला ती जागा फार आवडली होती, दोघांनाही वाईट वाटलं. दुसऱ्या वेळी आधी बुशफायर असेसमेंट करून घेतलं, मग ऑफर दिली. फायर ब्रिगेडला जोडता येईल असा १०,००० लिटर पाण्याचा साठा आणि ट्रक वळेल असा रस्ता हेही तेव्हाच हिशोबात धरलं.

सरपणाचं विचारलंत. बहुतेक कव्हेनंटांत पडलेलं लाकूडही उचलता येत नाही. कोकणातल्या देवराईतून वाळकी काटकीसुद्धा घरी आणत नाहीत, तसंच समजा. सोन्याच्या खाणींच्या काळात इथली आयर्नबार्क आणि बॉक्सची (दोन्ही निलगिरीचेच प्रकार) झाडं सरसकट तुटली. आज दिसतात ती बरीचशी बुंध्यांतून पुन्हा फुटलेली, बारीक खोडांची. ढोली धरायला झाडाला शंभराहून अधिक वर्षं लागतात, म्हणून फॅस्कोगेलसारख्या ढोलीत राहणाऱ्या छोट्या प्राण्यांना एकेक जुनं झाड मोलाचं. हिवाळ्यात टास्मानियाहून स्विफ्ट पॅरट हे पोपट याच झाडांच्या फुलांतल्या मधासाठी येतात. आमच्याकडे पहिल्यांदा आले त्या सकाळी आम्ही चहा तसाच ठेवून अंगणात उभे होतो.

ब्लॉक पायी फिराल तेव्हा लहान मुलांना हाताशी धरा, जुन्या खाणींचे उघडे खड्डे झुडपांत दिसत नाहीत. आणि प्रायव्हेट सेल असेल तर सहीनंतर विचार बदलायला साधारण तीन कामाचे दिवस मिळतात, लिलावात तेही नाहीत. तेव्हा नकाशा याच आठवड्यात मागवा.